गाळणीआधी गढूळपणा ओळखा

ग्लासातली बिअर गढूळ दिसली की छोट्या ब्रुअरीचा मालक पहिला फोन फिल्टर विकणाऱ्याला लावतो. त्याआधी एक फुकटची चाचणी करून घ्यावी. तो ग्लास टेबलावर ठेवून बिअर खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. नागपूरच्या मे महिन्यात त्याला फार वेळ लागत नाही. बिअर कोमट होताहोता नितळ झाली, तर तो ‘थंडीचा गढूळपणा’. बार्लीतली प्रथिने आणि बार्लीच्या टरफलातून व हॉप्समधून आलेली पॉलिफेनॉल शून्य अंशाच्या आसपास एकमेकांना चिकटतात आणि वीस अंशांच्या आसपास पुन्हा सुटतात. कोमट होऊनही बिअर ढगाळच राहिली, तर कारण दुसरे असते. तरंगणारे यीस्ट असेल, मॅशिंगमध्ये न फुटलेला स्टार्च असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा सुटणे थांबून कायमची झालेली प्रथिन-पॉलिफेनॉलची जोडी असेल. स्टार्चचा संशय आयोडीनच्या एका थेंबाने फिटतो, निळा-काळा रंग आला की नक्की. यीस्ट आणि जंतू साध्या मायक्रोस्कोपखाली वेगळे ओळखता येतात.

हे आधी सांगायचे कारण असे की या प्रत्येकाचा आकार वेगळा आहे. यीस्टची पेशी पाच ते दहा मायक्रॉनची. बिअर नासवणारे जंतू अर्धा ते दोन मायक्रॉनचे. थंडीत जमणारे प्रथिनांचे कण बहुधा एक मायक्रॉनहूनही लहान. त्यामुळे यीस्ट अडवणाऱ्या माध्यमातून प्रथिनांचे कण आरामात निघून जातात, आणि प्रथिनांसाठी घेतलेले बारीक माध्यम यीस्टने अर्ध्या तासात तुंबते. स्टार्चचा दोष तर मॅशिंगमधला असतो, त्यावर फिल्टर हा उपायच नव्हे.

शिवाय काही बिअर गढूळच असावी लागते. जर्मन हेफेवाइझन, बेल्जियन विटबिअर, अलीकडची ‘हेझी’ आयपीए ही सगळी त्या कुळातली. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची जी लाट आली, तिने गव्हाच्या गढूळ बिअरची चव अनेकांना लावली. तेव्हा पुढचे सारे विवेचन लागर, पिल्सनर, कोल्श अशा बिअरपुरते आहे, जिथे गिऱ्हाईक काचेपलीकडचे बोट स्पष्ट दिसावे अशी अपेक्षा ठेवते.

थंडी हीच पहिली गाळणी

यीस्ट तळाशी बसते ते स्टोक्सच्या नियमाने. कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि द्रवाच्या दाटपणाच्या प्रमाणात घटतो. आठ मायक्रॉनची एकटी यीस्टपेशी थंड बिअरमध्ये, ढोबळ हिशेबाने, दिवसाला सहा-आठ सेंटीमीटर खाली सरकते. टाकीत दीड मीटर बिअर असेल तर वरच्या पेशीला तळ गाठायला तीन आठवडे लागतील. एक मायक्रॉनच्या जंतूचा वेग याच्या चौसष्टावा भाग, म्हणजे दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. तो कधी बसेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. याउलट यीस्टच्या पेशी एकमेकींना धरून गुठळ्या करू लागल्या की वेग कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून चांगली गुठळी धरणारे यीस्ट निवडणे हा गाळणीच्या खर्चातला पहिला बचतीचा मुद्दा. जुन्या लागर तळघरांतल्या टाक्या आडव्या असत. उंची कमी, म्हणून यीस्टचा प्रवासही कमी.

हा प्रवास किती महत्त्वाचा, ते आकड्यांत पाहू. फिल्टरकडे निघालेल्या बिअरमध्ये मिलिलिटरला दहा लाख पेशी असतील, तर हजार लिटरमध्ये त्यांचे एकूण आकारमान पाव लिटरच्या आसपास भरते. टाकी नीट निवळू न देता घाई केली आणि पेशी एक कोटी राहिल्या, तर तेच आकारमान दोन-अडीच लिटर होते. तीन चौरस मीटर माध्यमावर पहिल्या वेळी गाळाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, दुसऱ्या वेळी पाऊण मिलिमीटर. कागदी शीटला हा दुसरा थर पेलवत नाही.

थंडीच्या गढूळपणाचे गणित आणखी कडक आहे. प्रथिने आणि पॉलिफेनॉल यांची जोडी जमली, तरच ती गाळता येते. त्यासाठी बिअर उणे एक ते शून्य अंशावर काही दिवस ठेवावी लागते आणि त्याच तापमानाला फिल्टरमधून न्यावी लागते. वाटेत ती पाच-सहा अंशांवर गेली, तर जोडीचा काही भाग विरघळतो, विरघळलेल्या रूपात कुठल्याही छिद्रातून पार होतो आणि गिऱ्हाइकाच्या थंड ग्लासात पुन्हा जमतो. फिल्टरमधून काचेसारखी निघालेली बिअर टेबलावर ढगाळ होण्याचे हे नेहमीचे कारण.

नागपुरात हा धोका दुप्पट. या शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश तापमान पाहिले आहे आणि उन्हाळ्यात ४४-४५ अंश ही इथली रोजची गोष्ट आहे. समजा ताशी चारशे लिटर बिअर एका छोट्या, उघड्या स्टीलच्या फिल्टरमधून चालली आहे आणि खोलीत चाळीस अंश आहेत. फिल्टरचा दीड चौरस मीटर पत्रा हवेला उघडा असेल, तर नुसत्या त्या पत्र्यातून बिअरला सहाशे वॉटच्या आसपास उष्णता मिळते आणि ती सव्वा अंशाने तापते. होजपाइप आणि पंप यांची भर वेगळी. फिल्टर तुंबून प्रवाह निम्मा झाला की ही वाढ दुप्पट. म्हणून इथे माध्यमाच्या दर्जावर पाच हजार जास्त घालण्याआधी पाइपला इन्सुलेशन, फिल्टरची खोली वातानुकूलित आणि ग्लायकॉल चिलरला पुरेशी ताकद, या तीन गोष्टींवर पैसे घालावेत. शक्य असेल तर गाळण्याचे काम पहाटे उरकावे.

माशाच्या पोटातला निवळा

गाळण्याआधी बिअर निवळवण्यासाठी काही पदार्थ वापरतात. उकळीच्या शेवटी घातलेले समुद्री शेवाळ, म्हणजे कॅरागीनन, प्रथिनांना गुठळ्यांत बांधून किटलीतच बसवते. थंड टाकीत घालण्याच्या पदार्थांमध्ये सर्वांत जुना आणि नामांकित म्हणजे आयझिंग्लास, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेले कोलॅजन. बिअरच्या आम्लतेत या कोलॅजनवर धन भार असतो आणि यीस्टच्या पेशीवर ऋण. दोघे चिकटतात आणि भराभर तळाला जातात.

याचा एक धागा आपल्या किनाऱ्यावरून जातो. एकोणिसाव्या शतकात माशांच्या वाळवलेल्या पिशव्या मुंबई बंदरातून इंग्लंडला जात आणि तिथल्या ब्रुअरींत वापरल्या जात. घोळ माशाची पिशवी आजही सोन्याच्या भावाने निर्यात होते. पालघरच्या एका नावेला २०२१ मध्ये घोळीचा मोठा थवा सापडला तेव्हा त्या मासळीचा लिलाव कोटीच्या घरात गेल्याची बातमी देशभर गाजली होती.

नागपूरच्या ब्रुअरने मात्र दोन अडचणी लक्षात घ्याव्यात. आयझिंग्लासचे तयार द्रावण वीस अंशांच्या वर राहिले की कोलॅजनची घडी उलगडते आणि ते साधे जिलेटिन बनते. निवळण्याची त्याची ताकद तिथेच संपते. उन्हाळ्यात वाहतुकीतच ते बाद होऊ शकते. दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. शाकाहारी माणसाला बिअरमध्ये मासा चालेल का, हा प्रश्न विदर्भातच नव्हे, आयर्लंडमध्येही विचारला गेला. गिनेसने २०१५ मध्ये आयझिंग्लास सोडण्याचा निर्णय जाहीर केला. सिलिका सोल हा खनिज निवळा दोन्ही अडचणींतून वाट काढतो.

गाळ अडवतो तो थर

आता प्रत्यक्ष गाळणीकडे. चहाच्या गाळणीत थोडी चहापत्ती साठल्यावर पुढचा चहा अधिक स्वच्छ उतरतो, कारण आता जाळीबरोबर पत्तीचा थरही गाळत असतो. बिअर गाळण्याची निम्मी विद्या या एका गोष्टीत आहे. जाळी फक्त थराला आधार देते.

थरातून द्रव किती वेगाने जाईल याचा नियम १८५६ मध्ये आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने मांडला, आणि तोही दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने, वाळूच्या नळकांड्यांवर प्रयोग करून. क्षेत्रफळ आणि दाब वाढवला की प्रवाह वाढतो. थराची जाडी आणि द्रवाचा दाटपणा वाढला की घटतो. पुढच्या अभियंत्यांनी त्यात भर घातली की कणांचा व्यास निम्मा केला तर थराची पारगम्यता एक चतुर्थांश होते. बारीक माध्यमाची किंमत प्रवाहाने मोजावी लागते ती अशी.

नागपूरकरांना हे शास्त्र परके वाटू नये. १९५८ मध्ये इथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिचे नाव ‘नीरी’ झाले. १९७० च्या दशकात नीरीने खेड्यांच्या पाण्यासाठी मंद वाळू गाळणीचा कसून अभ्यास केला. या गाळणीत पाणी वाळूतून तासाला दहा-वीस सेंटीमीटर इतक्याच वेगाने उतरते आणि वाळूच्या माथ्यावर जमलेली जैविक साय जंतू अडवते. तासाला दहा सेंटीमीटर म्हणजे चौरस मीटरमागे शंभर लिटर. बारीक फिल्टर शीटमधून बिअर न्यायचा शिफारशीचा वेगही ताशी चौरस मीटरमागे शंभर ते दीडशे लिटरच आहे. माध्यमे वेगळी, काळ वेगळा, पण दोन्हीकडे सावकाशीला पर्याय नाही.

कापूस, कागद आणि एक विसरलेला धोका

बिअरसाठीचा पहिला यशस्वी फिल्टर १८७८ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स गावी लोरेन्झ एन्झिंगर याने बनवला. माध्यम होते कागद. त्यानंतर अनेक दशके ब्रुअरींत लगद्याचे फिल्टर चालले. कापसाच्या आखूड तंतूंचा लगदा दाबून वड्या करायच्या, त्यातून बिअर गाळायची, मग वड्या मोडून, धुऊन, उकळून पुन्हा दाबायच्या. जिनिंगनंतर सरकीवर जी बारीक लव राहते, तिला लिंटर म्हणतात. ती जवळपास शुद्ध सेल्युलोज असल्याने प्रयोगशाळेतल्या फिल्टर पेपरपासून फिल्टर शीटपर्यंत सगळीकडे चालते. कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था १९७६ पासून ज्या शहरात आहे आणि ज्याच्या आसपास गावोगाव सरकी पडते, त्या नागपुरात हा कच्चा माल अनोळखी नाही. तरीही जिनिंगमधली लव आणून घरी शीट बनवण्याच्या फंदात कोणी पडू नये. सरकीचे तेल, मेण आणि फवारणीचे अवशेष काढून अन्नासाठी योग्य सेल्युलोज बनवणे हे कारखान्याचे काम आहे.

जुन्या शीटमध्ये सेल्युलोजच्या जोडीला अॅस्बेस्टॉस असे. त्याचे अतिसूक्ष्म, धनभारित तंतू जंतूंना घट्ट धरत, म्हणून ते ब्रुअरींचे लाडके होते. फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचे नाते स्पष्ट झाल्यावर १९७० च्या दशकापासून ते हटले. आजच्या शीटमध्ये सेल्युलोज, डायटमी माती, परलाइट आणि धन भार देणारी राळ असते. कुठे पडून असलेली जुनी आयात पेटी स्वस्तात मिळत असेल, तर तिच्यावरचे घटक वाचल्याशिवाय हात लावू नये.

डायटमी माती: स्वस्त, उत्तम आणि फुप्फुसाला घातक

मोठ्या ब्रुअरींचे मुख्य माध्यम म्हणजे किझेलगुर, डायटमी माती. डायटम या सूक्ष्म पाणवनस्पतींचे सिलिकाचे सांगाडे लाखो वर्षे साचून ही माती बनते. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये नायट्रोग्लिसरीन हिच्यातच शोषवून डायनामाइट बनवला. सांगाड्यांच्या नक्षीत भरपूर पोकळी असल्याने तिचा थर दाट न होता बारीक गाळतो. भारतातल्या केमिकल कारखान्यांत अशा पावडरीला सर्रास ‘हायफ्लो’ म्हणतात.

पद्धत अशी. आधी जाळीवर जाड आणि मग बारीक मातीचा लेप बसवायचा, दोन्ही मिळून चौरस मीटरला सुमारे एक किलो. मग बिअरमध्ये सतत थोडी माती सोडत राहायची, शंभर लिटरला ८० ते १५० ग्रॅम, म्हणजे यीस्टबरोबर थरही वाढत राहतो आणि तुंबत नाही. ताशी चौरस मीटरला पाचशे लिटरपर्यंत बिअर जाते, म्हणजे शीटच्या तिप्पट-चौपट.

मग छोट्या ब्रुअरीने हीच का घेऊ नये? दोन चौरस मीटरचा फिल्टर धरा. लेपालाच दोन किलो माती लागली. मोठी ब्रुअरी त्या लेपावर आठ तासांत आठ हजार लिटर काढते. तुमच्या टाकीत हजार लिटर आहेत, ते तासाभरात संपतात. लेप मात्र तेवढाच लागतो, आणि सुरुवातीला व शेवटी पाण्यात मिसळून वाया जाणारी बिअरही तेवढीच. एकच टाकी गाळणाऱ्याला हा व्यवहार परवडत नाही. निकृष्ट मातीतून बिअरमध्ये लोह उतरते आणि चव लवकर शिळी होते, ही आणखी एक बाब.

खरी हरकत पोत्याची आहे. भट्टीत भाजलेल्या मातीत क्रिस्टोबलाइट हा स्फटिकी सिलिका असतो. श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ मध्ये पहिल्या, म्हणजे नि:संशय कर्करोगकारक गटात टाकले. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. याच आजारावर काम करणाऱ्या राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्थेची मध्यवर्ती प्रयोगशाळा नागपुरातच होती. २०१९ मध्ये केंद्राने ही संस्था अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय घेतला. खाणीतल्या माणसासाठी जी काळजी हवी, तीच पोते फोडून पावडर कालवणाऱ्या ब्रुअरीतल्या पोऱ्यालाही हवी. तोंडाला बांधलेला रुमाल धुळीच्या या कणांना अडवत नाही. त्यासाठी योग्य दर्जाचा मास्क आणि धूळ ओढणारा पंखा लागतो. ते पुरवायची तयारी नसेल, तर ही माती घेऊ नये.

ज्वालामुखीच्या काचेपासून भट्टीत फुलवलेला परलाइट स्फटिकी सिलिकाच्या बाबतीत बराच सौम्य आणि वजनालाही हलका. तो यीस्ट छान अडवतो, पण डायटमी मातीइतके बारीक गाळत नाही. धूळ त्याचीही होतेच.

शीट, मॉड्युल, काडतूस, मेम्ब्रेन

छोट्या ब्रुअरीला शीट फिल्टर सर्वांत सोयीचा. चाळीस सेंटीमीटरच्या वीस शीट म्हणजे सुमारे तीन चौरस मीटर. ताशी तीनशे ते साडेचारशे लिटरने हजार लिटरचे काम अडीच-तीन तासांत उरकते. वापरण्याआधी शीट गरम पाण्याने भरपूर धुवाव्यात, नाहीतर पहिल्या बिअरला पुठ्ठ्याचा वास येतो. दाबाची मर्यादाही पाळावी. साध्या शीटला तीन बार आणि जंतू अडवणाऱ्या बारीक शीटला दीड बार ही नेहमीची सीमा. त्यापुढे रेटले की अडकलेला गाळ पलीकडे निघतो.

या फिल्टरची खोड म्हणजे कडांतून गळणारे थेंब आणि आत शिरणारी हवा. गाळलेल्या बिअरचा खरा शत्रू ऑक्सिजन. नितळ पण ओल्या पुठ्ठ्याच्या चवीची बिअर कोणालाच नको. लेंटिक्युलर मॉड्युल म्हणजे शीटच्याच चकत्या बंद स्टीलच्या डब्यात बसवलेल्या. हवा शिरत नाही, थेंब गळत नाहीत, उलटे पाणी सोडून धुता येतात आणि पुन्हा वापरता येतात. सुरुवातीची किंमत जास्त, पण उष्ण शहरात बंद डब्याला इन्सुलेशन करणेही सोपे. दोन्ही प्रकारांत फिल्टर आधी कार्बन डायऑक्साइडने भरून घ्यावा. त्या वायूच्या सिलिंडरांचे नियम राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. बंद खोलीत हा वायू जीव घेतो, एवढे मालकाने विसरू नये.

काडतूस फिल्टर घेताना ‘नॉमिनल’ आणि ‘अॅब्सोल्यूट’ यांतला फरक विक्रेत्याला विचारावा. नॉमिनल एक मायक्रॉन म्हणजे त्या आकाराचे बरेचसे कण अडतील, सगळे अडतीलच असे नाही. पाणी शुद्धीकरणाच्या दुकानात मिळणारे दोऱ्याचे स्वस्त काडतूस याच जातीचे. ०.४५ मायक्रॉनचे मेम्ब्रेन जंतू अडवते, पण ते सर्वांत शेवटी, आधीच नितळ झालेल्या बिअरसाठी असते. नीट न फुटलेल्या माल्टमधून आलेले बीटा-ग्लुकान त्याला मिनिटांत तुंबवते. बिअर बाटलीत भरून महिनोन्‌महिने ठेवायची नसेल, तर या खर्चाचे कारण नाही.

थंडीचा गढूळपणा हाच त्रास असेल, तर छिद्राचा आकार कमी करत जाण्यापेक्षा जोडीतला एक भिडू काढून घ्यावा. सिलिका जेल गढूळपणा घडवणारी प्रथिने शोषते आणि फेसाला लागणारी बहुतांशी सोडते. पीव्हीपीपी हे पॉलिमर पॉलिफेनॉल धरते. दोन्ही गाळणीत अडकून बाहेर राहतात.

निवाडा

नागपुरात हजार लिटरची टाकी चालवणाऱ्या आणि बिअर नळावरच विकणाऱ्या ब्रुअरने खर्चाचा क्रम असा ठेवावा. आधी चिलर आणि इन्सुलेशन. मग गुठळी धरणारे यीस्ट आणि शून्याखालची किमान आठवडाभर विश्रांती. मग गरज पडल्यास सिलिका. त्यानंतर सेल्युलोजची शीट, आणि परवडत असेल तर लेंटिक्युलर मॉड्युल. डायटमी माती उत्पादन कित्येक पटींनी वाढल्यावर, तीही धूळ ओढण्याच्या सोयीसह. मेम्ब्रेन बाटली सुरू केल्यावर. प्रत्येक वेळी गाळण्याआधी आणि नंतर बिअरचे तापमान आणि गढूळपणा वहीत लिहावा. युरोपीय मापाने एक ईबीसीच्या खाली, म्हणजे पाण्याच्या मीटरवर चार एनटीयूच्या खाली, बिअर नितळ मानतात, आणि हा मीटर पाणी तपासणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत मिळतो. महिनाभराची वही समोर असली, की कोणते माध्यम घ्यायचे हे विक्रेत्याला विचारावे लागणार नाही.